जिभेखालचा थेंब आणि त्याचे माप

एखाद्या निरुपद्रवी पदार्थाशी शरीराने अकारण वैर धरावे, या प्रकाराला मराठीत ‘वावडे’ असे जुने व अर्थपूर्ण नाव आहे. कोणास वांग्याचे वावडे असते, कोणास धुळीचे, कोणास एखाद्या झाडाच्या फुलोऱ्याचे. १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगचिकित्सक क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी अशा बदललेल्या प्रतिक्रियेसाठी ‘ॲलर्जी’ हा शब्द योजिला आणि तोच पुढे जगभर रूढ झाला. ज्याला स्वतःला हे दुखणे नाही त्याला ते क्षुल्लक वाटते. शिंकांनी कोणी मरत नाही, असे म्हणून तो हसतो. परंतु वर्षातील दोन-तीन महिने ज्याचे नाक चोंदलेले, डोळे चुरचुरणारे व झोप मोडलेली असते, ज्या मुलाची परीक्षा नेमकी फाल्गुनात, म्हणजे फुलोऱ्याच्याच दिवसांत येते, किंवा ज्याच्या शिंकांचे पर्यवसान पुढे दम्यात होते, त्याला आणि त्याच्या घरच्या माणसांना हा रोग क्षुल्लक वाटत नाही.

या रोगावर जिभेखाली थेंब ठेवून करावयाची एक चिकित्सा आपल्या देशातील शहरांतून प्रचारात आली आहे. लहानशी बाटली असते. तीतील काही थेंब रोज जिभेखाली टाकावयाचे, एक-दोन मिनिटे तसेच धरून ठेवावयाचे आणि मग गिळावयाचे. सुई नाही, वेदना नाही, दर आठवड्यास दवाखान्याची फेरी नाही. साहजिकच रुग्णांचा, विशेषतः लहान मुलांच्या आईबापांचा, ओढा तिच्याकडे असतो. या चिकित्सेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात की इतक्या थोड्या थेंबांनी काय व्हावयाचे, ही केवळ मनाची समजूत आहे. दुसरे काही जण ती सर्व वावड्यांवरचा रामबाण उपाय म्हणून सांगतात. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोहोंची चूक एकाच ठिकाणी आहे. थेंबात नेमके काय आहे व किती आहे, हे दोघेही विचारीत नाहीत. हाच प्रश्न रुग्णाने, वैद्याने आणि शासनाने विचारला पाहिजे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

वैर कसे जडते व कसे सुटते

प्रथम मूळ रोगाची प्रक्रिया थोडक्यात पाहू. परागकण, धुळीतील सूक्ष्म कीटकसदृश माइट, बुरशीची बीजुके यांत काही प्रथिने असतात. बहुतेकांच्या शरीरात ती येतात व जातात. कोणी त्यांची दखल घेत नाही. वावडे असलेल्या माणसाचे शरीर मात्र या प्रथिनांविरुद्ध एका विशिष्ट जातीचे प्रतिपिंड तयार करते. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक हे संशोधक यांनी स्वतंत्रपणे या प्रतिपिंडाचा शोध लावला. १९६८ साली त्यास आयजीई हे नाव मिळाले. हे प्रतिपिंड नाक, डोळे, श्वासनलिका व त्वचा यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसते. तेच प्रथिन पुन्हा आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात. शिंका, पाणी, कंड व श्वासाची घरघर हा त्याचाच परिणाम होय.

हिस्टामीनला अटकाव करणाऱ्या गोळ्या किंवा नाकात मारावयाचे फवारे हा परिणाम दाबून टाकतात. ते उपयुक्त आहेत व आवश्यकही आहेत. परंतु मूळ वैर ते मिटवीत नाहीत. औषध थांबले की त्रास पुन्हा सुरू होतो. जिच्यात त्या प्रथिनाचीच ठरावीक मात्रा शरीराला दीर्घकाळ दिली जाते, ती चिकित्सा निराळ्या मार्गाने जाते. जिभेखालच्या कोमल त्वचेत शाखायुक्त पेशी असतात. त्या हे प्रथिन टिपून जवळच्या लसीका ग्रंथींकडे नेतात. तेथे नियामक जातीच्या टी पेशी वाढीस लागतात, आयजीजी-४ जातीचे प्रतिपिंड वाढते आणि हळूहळू शरीर त्या प्रथिनाला सहन करू लागते. तोंडाच्या या भागात मास्ट पेशी तुलनेने थोड्या असतात; म्हणून हा मार्ग सौम्य ठरतो.

थोडे थोडे विष देऊन विषकन्या तयार करण्याच्या जुन्या कथांची येथे कित्येकांना आठवण होते. साम्य वरवरचे आहे. या चिकित्सेत शरीर विष पचवावयास शिकत नाही. जे विष नव्हेच त्याला विष न समजावयास ते शिकते. असे शिक्षण एका दिवसात होत नाही आणि चुकीच्या पाठाने तर मुळीच होत नाही.

टोचणीपासून थेंबापर्यंत

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडातील मँचेस्टर येथे चार्ल्स ब्लॅक्ली या डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग करून गवताचे पराग हेच उन्हाळी शिंकांचे कारण असल्याचे दाखविले व १८७३ साली ते ग्रंथरूपाने मांडले. पुढे १९११ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क टोचून रोगाला प्रतिबंध करण्याचा पहिला शास्त्रीय वृत्तांत प्रसिद्ध केला. नून यांचा सिद्धांत चुकीचा होता. परागांत एक विष असते व टोचल्याने त्यावर उतारा निर्माण होतो, असे ते समजत. परंतु त्यांची पद्धत बरोबर होती. औषध देण्यापूर्वी त्यांनी त्याचे माप ठरविले. टिमोथी नावाच्या गवताचा पराग एका ग्रॅमच्या दशलक्षांशाइतका घेतला असता त्यातून जेवढा अर्क निघेल, त्यास त्यांनी एक एकक मानले; आणि रुग्णाच्या डोळ्यात निरनिराळ्या तीव्रतेचे थेंब घालून त्याची संवेदनशीलता किती आहे तेही मोजले. १९१३ साली त्यांचा अकाली मृत्यू झाला. जॉन फ्रीमन यांनी त्यांचे काम पुढे चालविले.

टोचणीने गुण येई. पण तिच्यात धोकाही होता. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८६ साली असे जाहीर केले की १९५७ पासून या टोचण्यांमुळे २६ रुग्ण दगावले होते. ज्यांचा तपशील उपलब्ध होता त्यांतील बहुतेक दमेकरी होते. त्यानंतर त्या देशात टोचणीवर कडक बंधने आली. याच वर्षी लंडनमधील ग्लेनिस स्कॅडिंग व जोनाथन ब्रॉस्टॉफ यांनी धुळीतील माइटच्या अर्काचे थेंब जिभेखाली देऊन केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या थेंबांची निष्क्रिय थेंबांशी तुलना केली होती, आणि कोणास काय मिळाले हे प्रयोग संपेपर्यंत रुग्णासही ठाऊक नव्हते व डॉक्टरासही नव्हते. औषधाची पारख करण्याची हीच खरी कसोटी होय. पुढे अशा प्रकारचे अनेक प्रयोग झाले. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी जिभेखालचा मार्ग हा टोचणीला ग्राह्य पर्याय असल्याचे मान्य केले. २००६ साली युरोपात गवताच्या परागाची जिभेखाली विरघळणारी गोळी मान्य झाली, आणि २०१४ साली अमेरिकेनेही गवत व रॅगवीड यांच्या अशा गोळ्यांना मान्यता दिली.

तेव्हा ही चिकित्सा म्हणजे मनाची समजूत, असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास पुरेसे उत्तर आहे. मात्र गुणाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगल्या प्रयोगांत खऱ्या औषधाने त्रास व इतर औषधांची गरज ही निष्क्रिय औषधाच्या मानाने साधारणतः पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेली आढळते. हा लाभ लहान नाही, पण तो चमत्कारही नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांना निष्क्रिय थेंब मिळतात त्यांच्यापैकीही पुष्कळांना बरे वाटते. कारण एखाद्या वर्षी पराग कमी उडतो, रोगाला स्वतःचे चढउतार असतात आणि उपचाराची आशाही माणसाला धीर देते. म्हणून ‘अमक्याला या थेंबांनी गुण आला’ एवढ्या एका वाक्याने कोणत्याही बाटलीची सिद्धता होत नाही.

थेंब लहान, मात्रा मोठी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जिभेखालचे औषध सौम्य असते, म्हणून त्याची मात्राही अल्प असणार, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. युरोपात मान्य झालेल्या टिमोथी गवताच्या गोळीत त्या परागाच्या एका मुख्य प्रथिनाचे सुमारे १५ मायक्रोग्रॅम असतात, आणि ती गोळी रोज घ्यावयाची असते. म्हणजे महिन्याकाठी सुमारे ४५० मायक्रोग्रॅम झाले. त्याच गवताच्या प्रचलित टोचणीत महिन्यातून एकदा सुमारे २० मायक्रोग्रॅम दिले जातात. याचा अर्थ असा की जिभेच्या मार्गाने तोच परिणाम साधावयाचा तर वीसपटीहून अधिक प्रथिन लागते. टोचणीसाठी केलेला अर्क पाण्यासारखा पातळ करून थेंबांच्या बाटलीत भरला तर तो निरुपद्रवी राहील यात शंका नाही. तो निरुपयोगीही राहील.

मात्रेइतकाच काळही महत्त्वाचा आहे. गवताच्या गोळ्या तीन वर्षे घेतलेल्या रुग्णांचा लाभ औषध थांबविल्यावर पुढे दोन वर्षे टिकलेला आढळला आणि २०१२ साली तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. उलट लंडन येथे १०६ रुग्णांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औषध दोनच वर्षे देऊन थांबविले. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्या रुग्णांची स्थिती निष्क्रिय औषध घेतलेल्यांहून वेगळी नव्हती. दोन वर्षांचे श्रम एका वर्षात पुसले गेले! आणि तीन वर्षे रोज न चुकता औषध घेणे किती कठीण असते, हे नेदरलँड्समधील औषधदुकानांच्या नोंदींवरून २०१३ साली दिसून आले. जिभेखालचे औषध सुरू केलेल्या शंभरांपैकी अवघ्या सात जणांनी तीन वर्षांची मर्यादा गाठली होती. टोचणी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात तेवीस होते. सुई नाही म्हणून जे सोपे वाटते, तेच कोणाची देखरेख नसल्यामुळे अर्धवट सुटते.

जपानचा धडा

योग्य रीतीने हे काम कसे करावे, याचे एक उदाहरण आशियातच आहे. जपानमध्ये सुगी नावाचा एक सूचिपर्णी वृक्ष आहे. आपल्या शेतकऱ्याच्या सुगीशी त्याचा काही संबंध नाही. नावाचे साम्य केवळ योगायोगाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड डोंगरांवर त्या देशाने या वृक्षाची फार मोठ्या प्रमाणावर लागवड केली. झाडे वाढली, फुलोऱ्यावर आली आणि वसंताच्या आरंभी साऱ्या देशावर परागाचे पिवळे धुके पसरू लागले. या परागामुळे होणाऱ्या रोगाचे पहिले वर्णन १९६४ साली झाले. २०१९ च्या राष्ट्रव्यापी पाहणीत शंभरांतील सुमारे ३९ जणांना तो जडलेला आढळला.

या रोगावर जपानने परदेशी औषध आणले नाही, आणि आणून उपयोगही झाला नसता. कारण युरोपातील गवताचा पराग सुगीच्या वावड्याला लागू पडत नाही. तेथील संशोधकांनी सुगीच्या परागातील मुख्य प्रथिने ओळखली, अर्काची शक्ती मोजण्यासाठी आपले स्वतंत्र एकक ठरविले, त्याच देशातील रुग्णांवर निष्क्रिय औषधाच्या तुलनेत प्रयोग केले, आणि २०१४ साली जिभेखाली घ्यावयाचे सुगीचे थेंब शासनाच्या मान्यतेने बाजारात आले. २०१८ मध्ये त्यांच्या जोडीला अधिक शक्तीची व सामान्य तपमानात टिकणारी गोळी आली. रोगाच्या पहिल्या वर्णनापासून मान्य औषधापर्यंत पन्नास वर्षे लागली. हा काळ मोठा खरा. पण त्या बाटलीत काय आहे असे कोणी विचारले तर जपानी वैद्य त्याला आकड्यात उत्तर देऊ शकत असे.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे असे उत्तर नेहमी मिळते काय? भारतात या विषयाचे संशोधन कमी झाले असे नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. एन. शिवपुरी व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास राजधानीच्या हवेतील परागांची पाहणी केली. त्यानंतर अनेक शहरांत तसे काम झाले. चंडीगढच्या संशोधकांनी त्या शहराच्या परागांचे वर्षभराचे पंचांगही तयार केले आहे. उत्तर भारतात फाल्गुन-चैत्रात फुलणारा वावळा, १८७७ साली देशात आणलेली व आता माळरानांवर माजलेली वेडी बाभूळ, परसातला एरंड, १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेले व पुढे देशभर पसरलेले गाजरगवत, हे आपले शत्रू ठाऊक झाले आहेत. इंडियन कॉलेज ऑफ ॲलर्जी, ॲस्थमा अँड ॲप्लाइड इम्युनॉलॉजी या तज्ज्ञसंस्थेने या चिकित्सेसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०१७ साली ती सुधारून घेतली.

उणीव आहे ती औषधाच्या मापात. आपल्याकडील अनेक अर्कांवर त्यांची शक्ती वजन व घनफळ यांच्या प्रमाणात लिहिलेली असते. उदाहरणार्थ, एकास दहा किंवा एकास पन्नास. याचा अर्थ एक ग्रॅम पराग दहा किंवा पन्नास मिलिलिटर द्रवात भिजविला. चहाची पूड किती घातली एवढेच यावरून कळते. चहा कडक झाला की फिका, हे कळत नाही. एकाच झाडाच्या परागात मुख्य प्रथिन किती असते हे झाडाची जागा, पराग गोळा करण्याचा काळ व तो साठविण्याची रीत यांनुसार बदलते. अर्क काढण्याच्या पद्धतीने त्यात आणखी फरक पडतो. म्हणून एकाच आकड्याच्या दोन बाटल्यांत शक्तीचे पुष्कळ अंतर असू शकते. नून यांनी १९११ साली ठरविलेले एककही परागाच्या वजनावरच आधारलेले होते. पण त्या काळी प्रथिन मोजण्याचे साधन नव्हते. आता ते साधन आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे माप आजच्या बाटलीवर चालू राहावे, ही गोष्ट शास्त्राला शोभणारी नाही.

दुसरी उणीव मिश्रणाची आहे. त्वचेवर पंधरा-वीस पदार्थांची कसोटी घ्यावयाची, जेथे जेथे गांध उठेल ते सर्व पदार्थ एका बाटलीत घालावयाचे आणि तेच रुग्णाला द्यावयाचे, असा परिपाठ काही ठिकाणी दिसतो. त्वचेवर गांध उठली म्हणजे त्या पदार्थाने रोग झालाच, असे नव्हे. लक्षणे कोणत्या ऋतूत, कोणत्या जागी व कशाच्या संपर्काने वाढतात, याचा मेळ कसोटीशी बसला पाहिजे. शिवाय दहा पदार्थ एकत्र केले की प्रत्येकाची मात्रा दहाव्या हिश्श्यावर येते. आणि बुरशी किंवा झुरळ यांच्या अर्कांतील पाचक द्रव्ये त्याच बाटलीतील परागाच्या प्रथिनांचा नाश करू शकतात. ज्या प्रयोगांच्या आधारावर या चिकित्सेचे नाव झाले, ते बहुतेक एकेकट्या पदार्थाचे होते. त्या प्रयोगांची कीर्ती घ्यावयाची आणि औषध मात्र निराळे द्यावयाचे, हे न्याय्य नव्हे.

तिसरी उणीव आपल्या हवामानाची. प्रथिने उष्णतेने बिघडतात. द्रव अर्क शीतकपाटात २ ते ८ अंश तपमानात ठेवावा लागतो. ज्येष्ठातील उन्हात कारखान्यापासून दुकानापर्यंत व दुकानापासून घरापर्यंत बाटलीचा प्रवास कसा झाला, याची नोंद कोण ठेवतो?

काय केले पाहिजे

यावर कित्येक जण म्हणतील की माप सक्तीचे केले तर औषध महाग होईल, लहान उत्पादक बंद पडतील आणि आज ज्यांना थोडातरी आधार मिळतो तो जाईल. ही शंका विचारात घेण्यासारखी आहे. परंतु न मोजलेले औषध स्वस्त असते हा भ्रम आहे. एक शिक्षक किंवा कारकून आपल्या मुलासाठी तीन वर्षे दरमहा बाटली विकत घेतो, आणि तीत पुरेसे प्रथिन नसेल तर त्याचे पैसे जातात, मुलाची तीन वर्षे जातात, आणि पुढे खरे औषध आले तरी त्यावरचा त्याचा विश्वास गेलेला असतो. याहून गंभीर गोष्ट दमेकऱ्यांची. थेंब सुरू झाले म्हणून जो श्वासाचे नित्याचे औषध सोडून देतो, त्याच्या जिवाशीच खेळ होतो. थेंब निरुपद्रवी आहेत, या समजुतीमागे असा उपद्रव दडलेला असू शकतो.

म्हणून चार गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे देशातील प्रमुख दहा-बारा परागांचे व धुळीतील माइटचे प्रमाणभूत अर्क एखाद्या सार्वजनिक प्रयोगशाळेने तयार करून उत्पादकांस तुलनेसाठी द्यावेत. मापाचा खर्च प्रत्येक लहान उत्पादकाने स्वतंत्रपणे सोसावा असे यात नाही. वजनाचे बाट जसे सरकार प्रमाणित करून देते, तसेच हे काम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक बाटलीवर पदार्थाचे नाव, एका थेंबातील मुख्य प्रथिनाचे प्रमाण, निर्मितीची तारीख व साठवणीचे तपमान छापलेले असावे. तिसरी, वावळा, वेडी बाभूळ यांसारख्या आपल्या परागांच्या थेंबांवर आपल्याच रुग्णांत निष्क्रिय औषधाच्या तुलनेत प्रयोग व्हावेत आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध व्हावेत. धुळीतील माइटच्या मुख्य जाती जगभर आढळतात. त्यामुळे इतर देशांत सिद्ध झालेल्या गोळ्यांचा येथेही उपयोग होऊ शकेल. वावळ्याच्या परागासाठी मात्र आपले औषध दुसरे कोणी करून देणार नाही. चौथी, ज्या रुग्णालयांत क्षयाची व दम्याची चिकित्सा होते तेथे वावड्याचे निदान करण्याचे शिक्षण तरुण डॉक्टरांस मिळावे, म्हणजे बाटली लिहून देण्यापूर्वी कारण शोधले जाईल.

रुग्णाने काय विचारावे

या सुधारणा होईपर्यंत रुग्णाने हात जोडून बसावे असे नाही. प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि चांगल्या वैद्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही. माझे वावडे नेमके कशाचे, आणि ते कशावरून ठरविले? या बाटलीत तो एकच पदार्थ आहे की मिश्रण? मुख्य प्रथिनाचे प्रमाण किती? या औषधावर प्रयोग झाले आहेत काय? किती वर्षे घ्यावे लागेल, आणि एका वर्षात काहीच फरक न पडल्यास आपण काय करू? एवढे विचारावे.

पहिली मात्रा डॉक्टरांच्या समोर घेऊन अर्धा तास तेथेच थांबावे. आरंभीच्या दिवसांत तोंडात कंड सुटणे किंवा ओठ व जिभेखाली किंचित सूज येणे नेहमीचे आहे. ते बहुधा आपोआप कमी होते. परंतु घसा आवळणे, श्वास लागणे, अंगभर पित्त उठणे असे झाल्यास औषध थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. ज्याचा दमा काबूत नाही त्याने तो काबूत येईपर्यंत ही चिकित्सा सुरू करू नये. तोंडात व्रण असताना किंवा दात काढल्यानंतर काही दिवस थेंब थांबवावेत. दम्याचे किंवा नाकाचे नित्याचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडू नये. आणि आपण तीन वर्षे नियम पाळू शकू की नाही, याचा विचार आरंभीच करावा. नसेल तर इतर औषधांनी त्रास काबूत ठेवणे हाही सन्मान्य मार्ग आहे.

विज्ञानाने जिभेखालच्या थेंबाला जी प्रतिष्ठा दिली, ती मोजलेल्या थेंबाला दिली आहे. न मोजलेल्या थेंबाने ती उसनी घेऊ नये. आपण दूध मापाने घेतो, कापड मापाने घेतो, आणि दुकानदाराच्या तराजूत फरक वाटला तर हुज्जत घालतो. जे औषध आपल्या मुलाच्या जिभेखाली हजार दिवस ठेवावयाचे आहे, त्याच्या बाबतीत तरी आपण याहून कमी दक्ष राहू नये.